स्पाइकिंग न्यूरल नेटवर्कचे समांतर इव्हेंट-सिम्युलेशन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांना प्रोग्रॅमिंगची सवय आहे, पण समांतर सिम्युलेशनशी फारसा संबंध आलेला नाही, अशा वाचकांकडून येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उदाहरणासाठी शक्यतो एकच नेटवर्क घेतले आहे : टोबियास पोटजान्स आणि मार्कुस डीसमन यांचे २०१४ सालचे मॉडेल, ज्यात कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या बाहेरच्या थराच्या) एक चौरस मिलिमीटर पृष्ठभागाखालचे सुमारे ७७,००० न्यूरॉन (चेतापेशी) आणि त्यांच्यामधले सुमारे ३० कोटी सिनॅप्स (जोडण्या) येतात. पुढे त्याचा उल्लेख केवळ ‘कॉर्टेक्स-मॉडेल’ असा केला आहे.

१. स्पाइकिंग नेटवर्कमध्ये ‘इव्हेंट’ नेमका कशाला म्हणायचा?

स्पाइकिंग न्यूरॉनच्या पेशीपटलावरील विद्युतदाब सतत वर-खाली होत असतो. त्याने उंबरठा ओलांडला की एक स्पाइक (क्षणिक विद्युत-स्पंद) निघतो आणि दाब पुन्हा खालच्या ठरावीक पातळीवर आणला जातो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई लापिक यांनी १९०७ साली मांडलेल्या कल्पनेतून पुढे आलेले ‘गळके’ मॉडेल आजही सर्वाधिक वापरात आहे : येणारा प्रत्येक स्पाइक दाबात भर घालतो किंवा घट करतो आणि मधल्या काळात दाब आपोआप ओसरत जातो. स्पाइक लहान किंवा मोठा नसतो. तो केव्हा निघाला, एवढीच माहिती त्यात असते. ठरावीक विलंबानंतर तो पुढच्या न्यूरॉनवर पोहोचतो, आणि हे पोहोचणे म्हणजेच इव्हेंट. त्याच्या नोंदीत पोहोचण्याचा क्षण, लक्ष्य न्यूरॉन आणि सिनॅप्सचे वजन या तीन गोष्टी पुरतात. निघण्याचा क्षण आणि पोहोचण्याचा क्षण यांची गल्लत करू नये. पुढचे जवळजवळ सगळे विवेचन या दोहोंमधल्या अंतरावर उभे आहे.

२. ठरावीक टप्प्यांनी पुढे जाणे आणि इव्हेंटनुसार पुढे जाणे, यांत फरक काय?

पहिल्या पद्धतीत सिम्युलेशनचे घड्याळ ०.१ मिलिसेकंदासारख्या समान टप्प्यांनी सरकते आणि काही घडलेले असो वा नसो, प्रत्येक टप्प्यावर प्रत्येक न्यूरॉनचा हिशेब होतो. दुसऱ्या पद्धतीत सर्व येऊ घातलेले इव्हेंट प्रायॉरिटी क्यूमध्ये काळाच्या क्रमाने ठेवले जातात, सर्वांत आधीचा बाहेर काढला जातो आणि घड्याळ थेट त्या क्षणावर उडी घेते. मधल्या काळात दाब किती ओसरला हे सूत्रानेच काढता येते, त्यामुळे टप्प्यांची गरज उरत नाही. अर्थात, असे सूत्र हाती असेल तरच. न्यूरॉनचे अधिक तपशीलवार वर्णन करणाऱ्या १९५२ सालच्या हॉजकिन–हक्सली समीकरणांना बंदिस्त (सूत्ररूप) उत्तर नाही. तेथे दोन इव्हेंटांच्या मधला काळ संख्यात्मक पद्धतीनेच चालावा लागतो.

३. बहुतेक न्यूरॉन बहुतेक वेळ गप्प असतात, मग इव्हेंट-पद्धत नेहमीच वेगवान ठरणार ना?

हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि तो दूर करायला साधा गुणाकार पुरतो. कॉर्टेक्स-मॉडेलमध्ये एका न्यूरॉनवर सरासरी ३,९०० सिनॅप्स पडतात. प्रत्येक न्यूरॉन सेकंदाला सरासरी चारच स्पाइक देतो असे धरले, तरी एका न्यूरॉनवर सेकंदाला १५,६०० स्पाइक येऊन पोहोचतात. बाहेरून सोडलेल्या पॉयसन (यादृच्छिक क्षणी येणाऱ्या) स्पाइकची भर त्यात धरलेलीच नाही. आता ०.१ मिलिसेकंदाचे टप्पे घेतले तर एका सेकंदात टप्पे होतात १०,०००. म्हणजे गप्प न्यूरॉनसुद्धा दर टप्प्यात एकाहून अधिक इव्हेंट झेलत असतो. बोलणारे थोडे असले तरी ऐकणाऱ्याला उसंत नसते. अशा वेळी प्रत्येक इव्हेंटसाठी क्यूची उलथापालथ करण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने जाणेच स्वस्त पडते.

म्हणून ‘इव्हेंट की टप्पे’ हा प्रश्न तत्त्वाचा मानू नये. प्रति न्यूरॉन प्रति टप्पा किती इव्हेंट येतात, हा आकडा आधी काढावा. तो एकाच्या बराच खाली असेल (विरळ जोडण्या, मंद हालचाल, संवेदी अवयवांच्या सुरुवातीच्या थरांची मॉडेल) तर शुद्ध इव्हेंट-पद्धत खरोखर फायद्याची ठरते. तो एकाच्या आसपास किंवा वर असेल तर प्रश्न ७ मधली मिश्र पद्धत पाहावी.

४. एका कोअरवर प्रोग्रॅम बरोबर चालतो. अनेक प्रोसेसवर वाटला की उत्तरे का बदलतात?

कारण एकच क्यू उरत नाही. प्रत्येक प्रोसेसचा क्यू वेगळा, प्रत्येकाचे घड्याळ वेगळे, आणि जो पुढे पळाला त्याच्याकडे भूतकाळातला स्पाइक येऊन धडकू शकतो.

एक न्यूरॉन प्रत्यक्ष पाहू. ओसरण्याचा कालस्थिरांक २० मिलिसेकंद, उंबरठा मूळ पातळीच्या १५ मिलिव्होल्ट वर. ३.० मिलिसेकंदाला दाब १४.० आहे. क्यूमध्ये पुढचा इव्हेंट ५.० ला आहे, वजन ३. तोवर दाब ओसरून १२.६७ होतो, त्यात ३ मिळवले की १५.६७; उंबरठा ओलांडला, स्पाइक निघाला. हे सर्व झाल्यावर दुसऱ्या प्रोसेसकडून निरोप येतो की ४.० ला वजन उणे २ असलेला एक स्पाइक पोहोचायचा होता. तो वेळेवर धरला असता तर ४.० ला दाब १३.३२ वरून ११.३२ झाला असता, ५.० ला १०.७७ उरला असता, आणि ३ मिळवूनही १३.७७ वरच थांबला असता. म्हणजे निघालेला स्पाइक खोटा होता, आणि एव्हाना तो हजारो न्यूरॉनकडे रवाना झाला आहे.

याला कार्यकारणक्रमाचा भंग म्हणतात. त्यावर दोन मार्ग आहेत : भंग होऊच न देणे (प्रश्न ५ ते ७) किंवा होऊ देऊन नंतर निस्तरणे (प्रश्न ८ आणि ९).

५. लूकअहेड म्हणजे काय, आणि तो आणायचा कुठून?

‘माझे घड्याळ आत्ता अमुक वाजता आहे, आणि अजून इतका वेळ माझ्याकडून तुमच्यापर्यंत काहीही पोहोचणार नाही’ अशी हमी एका प्रोसेसला दुसऱ्याला देता आली, तर त्या मुदतीला लूकअहेड म्हणतात. सिम्युलेशनच्या इतर अनेक क्षेत्रांत तो शोधून काढावा लागतो. येथे निसर्गानेच तो देऊन ठेवला आहे : अक्षतंतूतून (न्यूरॉनच्या लांब धाग्यातून) स्पाइक पोहोचायला वेळ लागतो. कॉर्टेक्समधल्या मायलिनचे वेष्टन नसलेल्या स्थानिक तंतूंत वेग सेकंदाला ०.३ मीटरच्या आसपास असतो, म्हणजे एक मिलिमीटर अंतराला तीनेक मिलिसेकंद लागतात. ज्या विलंबाकडे मॉडेल करणारे पुष्कळदा किरकोळ तपशील म्हणून पाहतात, त्याच्यावरच समांतर सिम्युलेशनची सगळी भिस्त असते.

मात्र लूकअहेड सरासरी विलंबावर नव्हे, किमान विलंबावर ठरतो. कॉर्टेक्स-मॉडेलमध्ये उत्तेजक (दाब वाढवणाऱ्या) जोडण्यांचा विलंब सरासरी १.५ आणि शामक (दाब घटवणाऱ्या) जोडण्यांचा ०.७५ मिलिसेकंद आहे. परंतु हे विलंब यादृच्छिक वाटपातून घेतले जातात आणि त्या वाटपाची खालची शेपटी ०.१ मिलिसेकंदापर्यंत जाते. त्यामुळे लाखो जोडण्यांचा विलंब ऐसपैस असूनही अगदी थोड्या जोडण्या सगळ्यांना ०.१ वर बांधून ठेवतात. ती शेपटी ०.५ ला छाटली तर लूकअहेड पाचपट होतो, हे खरे. पण मग ते मॉडेल तेच राहत नाही, आणि केवळ वेगासाठी केलेली अशी छाटणी निबंधात स्पष्ट नोंदवली पाहिजे.

६. नल मेसेज पद्धत लावली, पण प्रोग्रॅम नल मेसेजच पाठवत बसतो. असे का?

ही पद्धत ब्रायंट (१९७७) आणि चँडी व मिश्रा (१९७९) यांची. पाठवायला स्पाइक नसला तरी प्रोसेसने आपली हमी कोऱ्या निरोपाने कळवत राहायचे, म्हणजे कोणी कोणाची वाट पाहत अडकून पडत नाही. पण लूकअहेड लहान असला की काय होते ते पाहा. ‘अ’ आणि ‘ब’ दोघेही १०.० वर आहेत, पुढचा खरा इव्हेंट १४.० ला आहे, लूकअहेड ०.१. ‘अ’ कळवतो : १०.१ पर्यंत काही नाही. ‘ब’ १०.१ वर येतो आणि कळवतो : १०.२ पर्यंत काही नाही. मग १०.३, १०.४. चार मिलिसेकंदांचे अंतर कापायला चाळीस कोरे निरोप लागतात.

त्यात आपल्या नेटवर्कमध्ये सगळे सगळ्यांशी जोडलेले. ६४ प्रोसेस असतील तर एका फेरीत ६४ × ६३ म्हणजे ४,०३२ निरोप, आणि सिम्युलेशनच्या एका सेकंदात १०,००० फेऱ्या. एकूण चार कोटींहून अधिक. त्याच सेकंदात खरे स्पाइक निघतात तीन लाखांच्या घरात. नल मेसेज पद्धत चुकीची नाही. ती विरळ जोडणीच्या प्रोसेससाठी आहे. मेंदूच्या दूरदूरच्या भागांचे मॉडेल असेल, एकेक भाग एकेका प्रोसेसवर ठेवता येत असेल आणि भागांमधले विलंब मोठे असतील, तर ती आजही विचारात घेण्याजोगी आहे.

७. मग नेस्टसारखे प्रचलित सिम्युलेटर काय करतात?

ते मधला मार्ग घेतात. काळाचे किमान विलंबाइतके लांब तुकडे पाडले जातात. एका तुकड्यात निघालेला स्पाइक त्याच तुकड्यात कोणावरही पोहोचू शकत नाही, म्हणून त्या तुकड्यापुरती प्रत्येक प्रोसेस कोणालाही न विचारता आपले काम उरकते. तुकडा संपला की सगळे थांबतात, एमपीआयच्या (प्रोसेसांमधल्या निरोपांच्या प्रमाणित पद्धतीच्या) एका सामूहिक हाकेत स्पाइकची देवाणघेवाण होते आणि पुढचा तुकडा सुरू होतो. न्यूरॉन टप्प्यांनी पुढे जातात, सिनॅप्सना मात्र स्पाइक आल्यावरच हात लावला जातो. येणारे स्पाइक प्रायॉरिटी क्यूऐवजी प्रत्येक न्यूरॉनच्या वर्तुळाकार बफरमध्ये, ज्या टप्प्याला ते लागू व्हायचे त्या खणात, बेरीज करून टाकले जातात. क्यूतून एक नोंद काढायचा खर्च नोंदींच्या संख्येबरोबर वाढतो; बफरमध्ये तो नेहमी एका बेरजेइतकाच राहतो.

हीच रचना फार मोठ्या प्रमाणावरही टिकली. २०१३ साली जपानच्या ‘के’ महासंगणकाच्या ८२,९४४ प्रोसेसरांवर नेस्टने १७३ कोटी न्यूरॉन आणि १०.४ लाख कोटी सिनॅप्स यांचे नेटवर्क चालवले. मेंदूतल्या एका सेकंदाला सुमारे ४० मिनिटे लागली.

८. टाइम वॉर्प वापरला तर कोणाची वाट पाहावीच लागणार नाही. तो का वापरत नाहीत?

डेव्हिड जेफरसन यांच्या १९८५ सालच्या या पद्धतीत प्रत्येक प्रोसेस बेधडक पुढे जाते. उशिरा आलेला निरोप भूतकाळातला निघाला तर जुनी स्थिती परत आणायची आणि दरम्यान पाठवलेले निरोप अँटी-मेसेज धाडून रद्द करायचे. सर्व घड्याळांचा आणि वाटेतल्या निरोपांचा किमान क्षण वेळोवेळी काढला जातो; त्याच्या मागे कोणालाच जावे लागणार नाही, म्हणून तेथपर्यंतच्या जुन्या नोंदी पुसता येतात.

प्रश्न ४ मधला ५.० चा खोटा स्पाइक आठवा. तो सुमारे ३,९०० लक्ष्यांकडे गेला आहे आणि ही लक्ष्ये बहुतेक सगळ्या प्रोसेसवर विखुरलेली आहेत. एक शामक स्पाइक उशिरा आला, तर जे जे पुढे पळाले असतील त्या सगळ्यांना मागे यावे लागते, आणि त्यांनी सोडलेले स्पाइकही रद्द करायचे असतात. दाट जोडणीत ही माघार पसरत जाते. माझे मत असे की, कॉर्टेक्ससारख्या नेटवर्कसाठी टाइम वॉर्पच्या वाटेला जाऊ नये.

त्याला एक ठळक अपवाद आहे. आयबीएमच्या २०१४ सालच्या ट्रूनॉर्थ चिपमध्ये न्यूरॉनचा स्पाइक एकाच कोअरच्या एकाच इनपुट-तारेवर जातो, आणि २५६ न्यूरॉनपर्यंतचा फाटा त्या कोअरच्या आत फुटतो. म्हणजे प्रोसेसबाहेर पडणारा निरोप एकच, आणि तो रद्द करायला अँटी-मेसेजही एकच. अमेरिकेतील रेन्सेलर तंत्रविद्यापीठात रॉस या टाइम वॉर्प सिम्युलेटरवर उभारलेले ‘निमो’ अशाच चिपांचे सिम्युलेशन करते, आणि तेथे ही पद्धत शोभून दिसते.

९. रोलबॅकसाठी (मागे येण्यासाठी) स्थिती जपून ठेवण्याऐवजी उलट गणित करता येईल का?

कॅरोथर्स, पेरुमल्ला आणि फुजिमोतो यांनी १९९९ साली मांडलेली ही युक्ती मोजणीच्या पूर्णांकांना छान लागू पडते. गळक्या न्यूरॉनमध्ये दोन अडचणी येतात. ओसरण्याचा गुणाकार उलटवण्यासाठी भागाकार केला तर पूर्णांकनामुळे (राउंडिंगमुळे) शेवटचे बिट जुळतीलच असे नाही. दुसरे म्हणजे, स्पाइकनंतर दाब ठरावीक पातळीवर आणला की आधीचा आकडा कायमचा पुसला जातो. तो वेगळा जपावाच लागतो. न्यूरॉनची स्थिती मुळात मोजक्या बाइटांची असते, त्यामुळे ती सरळ नकलून ठेवणे सोपे. उलट गणिताचा विचार पूर्णांक वापरणाऱ्या चिप-मॉडेलपुरता ठेवावा.

१०. स्पाइक यायच्या क्षणी नव्हे, नंतर उंबरठा ओलांडला गेला तर?

सिनॅप्सचा परिणाम क्षणात संपत असेल, तर उंबरठा फक्त उत्तेजक स्पाइक पोहोचतानाच ओलांडला जातो आणि प्रश्न उद्भवत नाही. पण सिनॅप्सचा प्रवाह हळूहळू ओसरणारा असेल, तर स्पाइक आल्यानंतरही दाब काही काळ चढत राहतो. तेव्हा ओलांडण्याचा भावी क्षण आधीच काढून तो तात्पुरता इव्हेंट म्हणून क्यूमध्ये टाकतात. त्याआधी दुसरा स्पाइक आला तर तो रद्द करून नवा काढतात. क्यूच्या पोटातून नोंद शोधून उपटणे महाग असल्याने न्यूरॉनवर आवृत्ती-क्रमांक ठेवावा आणि बाहेर आलेल्या नोंदीचा क्रमांक जुना असेल तर ती सोडून द्यावी.

हा क्षण काढताना न्यूटनची पद्धत आंधळेपणाने वापरू नये. दाब उंबरठ्याला जेमतेम शिवून परतत असेल तर ती चुकीच्या मुळावर जाते. कालस्थिरांक २० आणि ५ मिलिसेकंद असे परस्परांच्या पटीत असतील तर एक सुंदर सोय होते : मंद घातांकी पदाला क्ष म्हटले की जलद पद क्षचा चौथा घात होते आणि प्रश्न बहुपदीचे मूळ शोधण्यावर येतो. मूळ आहे की नाही हे तेव्हा खात्रीने सांगता येते.

११. दोन स्पाइक अगदी एकाच क्षणी पोहोचले तर आधी कोणता धरायचा?

नियम आधीच ठरवून लिहून ठेवावा. त्या क्षणाचे सगळे स्पाइक मिळवून मगच उंबरठा तपासणे हा सर्वांत निर्धोक नियम आहे. एकेक करून तपासल्यास उत्तेजक आधी आला तर स्पाइक निघतो आणि शामक आधी आला तर निघत नाही. परंतु बेरीज करतानाही क्रमाचा संबंध सुटत नाही, कारण फ्लोटिंग पॉइंटमध्ये बेरजेचा क्रम बदलला की शेवटचा बिट बदलू शकतो. क्षण, उगम-न्यूरॉन आणि सिनॅप्स यांच्या क्रमांकांनी लावलेली क्रमवारी किंवा स्थिर-बिंदू (फिक्स्ड-पॉइंट) वजने हा त्यावरचा उपाय.

१२. प्रोसेसची संख्या बदलली की स्पाइकची यादी वेगळी येते. प्रोग्रॅम चुकला असे समजायचे का?

लगेच नाही. आधी प्रश्न ११ मधला क्रम तपासावा. मग यादृच्छिक संख्या पाहाव्यात, कारण त्या थ्रेडगणिक काढल्या असतील तर थ्रेड बदलताच जोडण्याही बदलतात. प्रत्येक न्यूरॉनला यादृच्छिक संख्यांचा स्वतंत्र प्रवाह द्यावा. एवढे करूनही एका बिटाचा फरक राहिला, तर अशी नेटवर्क अराजकी असल्यामुळे थोड्याच वेळात दोन्ही याद्यांचा एकमेकींशी मेळ उरत नाही. म्हणून भिन्न सिम्युलेटरांची तुलना सांख्यिकीवर करतात : स्पाइक-दर, दोन स्पाइकमधल्या अंतरांची विषमता, न्यूरॉनांमधले सहसंबंध. कॉर्टेक्स-मॉडेल नेस्टवर आणि मँचेस्टर विद्यापीठाच्या स्पिनेकर या न्यूरल-सिम्युलेशनच्या यंत्रावर चालवून २०१८ साली प्रसिद्ध झालेली तुलना याच मोजमापांवर केली होती. मात्र त्याच सिम्युलेटरवर, त्याच प्रोसेस-संख्येवर दोनदा चालवून याद्या वेगळ्या आल्या, तर ती चूकच आहे आणि ती शोधलीच पाहिजे.

१३. ०.१ मिलिसेकंदाच्या टप्प्यामुळे स्पाइकचा क्षण गोळाबेरीज होतो. अचूकता हवी असेल तर पुन्हा शुद्ध इव्हेंट-पद्धतीकडे वळायचे का?

तशी गरज नाही. स्पाइकसोबत टप्प्याच्या आतला नेमका अंश पाठवता येतो आणि स्वीकारणारा न्यूरॉन त्या टप्प्यापुरते आपले इव्हेंट क्रमाने हाताळतो. प्रोसेसांमधली देवाणघेवाण पूर्वीसारखीच किमान विलंबाच्या तुकड्यांनी चालते. म्हणजे बाहेर टप्पे, आत इव्हेंट. नेस्टमध्ये असे न्यूरॉन तयार मिळतात.

१४. सिनॅप्सची वजने शिकत बदलत असतील तर इव्हेंट दुप्पट होतात का?

स्पाइकच्या वेळेनुसार वजन बदलणाऱ्या नियमात पाठवणारा आणि घेणारा, दोघांच्याही स्पाइकची दखल घ्यावी लागते. घेणाऱ्याचा स्पाइक निघताच त्याच्याकडे येणाऱ्या हजारो सिनॅप्सना हात लावायला गेलो तर मेमरीत इकडेतिकडे उड्या माराव्या लागतात. त्याऐवजी घेणारा आपल्या अलीकडच्या स्पाइकची नोंदवही ठेवतो, आणि पाठवणाऱ्याचा पुढचा स्पाइक त्या सिनॅप्सवर येईल तेव्हाच मधला सगळा हिशेब एकदम केला जातो. वजनाचा उपयोग तोपर्यंत कोणालाच नसतो, त्यामुळे उशिराने केलेला हिशेब चुकत नाही. सिनॅप्स घेणाऱ्याच्या प्रोसेसवरच ठेवल्या तर ही नोंदवही दुसऱ्या प्रोसेसकडून मागवावीही लागत नाही. डोपामिनसारखा तिसरा संकेत असेल तर त्याचाही इतिहास असाच जपावा लागतो.

१५. विलंब शून्य असेल, किंवा न्यूरॉन गॅप जंक्शनने जोडलेले असतील तर?

शून्य विलंबाच्या जोडण्यांचे आवर्तन तयार झाले की लूकअहेड शून्य होतो आणि प्रश्न ५ ते ७ मधली एकही पद्धत चालत नाही. असे न्यूरॉन एकाच प्रोसेसवर ठेवणे हा पहिला उपाय. गॅप जंक्शनमध्ये तर स्पाइकच नसतो. दोन पेशींचे दाब एकमेकांना अखंड ओढत राहतात, त्यामुळे इव्हेंट म्हणून पकडायला काही हाती लागत नाही. तेथे किमान विलंबाच्या एका तुकड्यापुरता दाबाचा संपूर्ण आलेख एकमेकांना देतात, त्यावरून नवा आलेख काढतात, आणि दोन फेऱ्यांतला फरक नगण्य होईपर्यंत तोच तुकडा पुन्हा चालवतात. नेस्टमध्ये ही तरंगरूप-शिथिलनाची (वेव्हफॉर्म रिलॅक्सेशन) पद्धत २०१५ साली मांडली गेली. खर्च फेऱ्यांच्या संख्येइतका पटींत वाढतो, म्हणून गॅप जंक्शन ज्या न्यूरॉनगटात खरोखर आहेत तेवढ्यापुरतीच ती चालू ठेवावी.